दोन हात, दोन पाय आणि एक खोली

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली हा माझा स्टुडिओ. इथे भावगीतं होतात, नव्या गायक-कवींचे अल्बम होतात, शॉर्ट फिल्मचं पार्श्वसंगीत होतं. कॉम्प्युटर, ऑडिओ इंटरफेस, दोन स्पीकर, दोन माइक, एक छोटा कीबोर्ड आणि ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासूनचा माझा ऑक्टोपॅड, एवढ्या सामानावर सगळं चालतं. ड्रमसेट या खोलीत मावत नाही. मावला तरी वाजवता येणार नाही, कारण जोरात वाजणाऱ्या ड्रम्सचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो आणि भिंतीपलीकडे माणसं राहतात. शिवाय ड्रमसेट नीट रेकॉर्ड करायचा तर आठ-दहा माइक, तेवढे इनपुट आणि उंच छत लागतं. त्यामुळे माझ्या गाण्यांमधले ड्रम्स सॉफ्टवेअरमधून येतात. एकेक ठोका मी मांडतो आणि मग त्या ठोक्यांचं मिक्सिंग करतो.

हे काम बरीच वर्षं केल्यावर माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली आहे. व्हर्च्युअल ड्रम्सचं सगळं काम दोन प्रश्नांत मावतं. हे कुणाच्या हातांनी वाजतंय? आणि हे कुठल्या खोलीत वाजतंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रोग्रॅमिंगमध्ये द्यायचं, दुसऱ्याचं मिक्सिंगमध्ये. दोन्ही उत्तरं कानाला पटली की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलू लागतो. एक जरी हुकलं तर आवाज कितीही महागडे असोत, ठेका एकीकडे आणि गाणं दुसरीकडे अशी गत होते.

खऱ्या ड्रमचा आवाज साठवून यंत्रातून वाजवण्याची कल्पना रॉजर लिन या अमेरिकन माणसानं १९८० साली ‘एलएम-१’ या ड्रम मशीनच्या रूपानं बाजारात आणली. त्या काळी मेमरी चिप इतकी महाग होती की बराच वेळ घुमत राहणाऱ्या क्रॅश आणि राइड या झांजा त्यात घेताच आल्या नव्हत्या. त्या १९८२च्या ‘लिनड्रम’मध्ये आल्या. मग १९८३ साली मिडी आलं. मिडीतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो: कुठला ड्रम, केव्हा आणि किती जोरात. या जोराला वेलॉसिटी म्हणतात आणि ती १ ते १२७ या आकड्यांत मोजतात. पुढे कुठल्या ड्रमला कुठला क्रमांक द्यायचा तेही ठरलं. ३६ म्हणजे पायानं वाजणारी किक, ३८ म्हणजे खाली तारा असलेली स्नेअर, ४२ म्हणजे हाय-हॅट या झांजांच्या जोडीचा बंद आवाज, ४६ म्हणजे उघडा. आज जगातलं जवळपास प्रत्येक ड्रम सॉफ्टवेअर हे आकडे ओळखतं.

आपल्याकडे या सगळ्याची ओळख झाली ती ऑक्टोपॅडमधून. रोलँड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड १९८५चा. आठ रबरी पॅड, पण त्याच्या पोटात स्वतःचा आवाज नव्हता; मिडीनं दुसऱ्या यंत्राला निरोप द्यायचा एवढंच त्याचं काम. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या ‘एसपीडी-२०’मध्ये शेकडो आवाज भरलेले होते. गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम, लग्नाच्या वराती, सगळीकडे तो जाऊन पोचला. मीही त्याच पॅडवर वाढलो. त्याचा मला आजही उपयोग होतो, कारण ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला ठोक्याचं वजन मनगटातून कळलेलं असतं. पुढे कॉम्प्युटरवर आकडे टाकताना ते मनगट आठवावं लागतं.

आमच्या ऑर्केस्ट्रात एक ज्येष्ठ ड्रमर होते. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. कार्यक्रम बंद केल्यावर ते संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसत. मी स्क्रीनवर ठोके मांडत असायचो आणि मास्टर मागच्या खुर्चीवर बसून तेच मांड्यांवर वाजवून बघायचे. उजव्या हातात हाय-हॅट, डाव्या हातात स्नेअर, उजव्या पायात किक, डाव्या पायात हाय-हॅटचं पेडल. एकदा त्यांनी मला सांगितलं, “हे बघ, मांडीवर येत नाही ते सेटवर पण येत नाही. आधी मांडीवर वाजव, मग त्या डब्यात घाल.”

आजही मी हीच कसोटी लावतो. ड्रमरला दोन हात आणि दोन पाय, म्हणजे एका क्षणी जास्तीत जास्त चार गोष्टी वाजू शकतात. टॉमवर रोल सुरू झाला की हाय-हॅट थांबतो, कारण दोन्ही हात तिकडे गेलेले असतात. क्रॅश मारली की तिच्याखाली बहुतेक वेळा किक असते. झांज एकटी वाजली तर पोकळ वाटते, म्हणून ड्रमरचा पाय सवयीनंच तिथे पडतो. क्रॅशवरून हात हाय-हॅटवर परत यायला क्षणभर लागतो, त्यामुळे क्रॅशनंतर लगेचचा हाय-हॅट गळला किंवा हळू पडला तरी चालतं, उलट तसाच तो खरा वाटतो. ऐकणाऱ्याला यातलं काहीही माहीत नसतं. पण आयुष्यभर माणसांनी वाजवलेलं ऐकल्यामुळे त्याचा कान पक्का झालेला असतो. तीन हातांचा ड्रमर वाजायला लागला की कारण सांगता आलं नाही तरी त्याला खटकतंच.

दुसरी गोष्ट जोराची. वेलॉसिटीचा आकडा वाढवला की फक्त आवाज मोठा होतो असा समज असतो. चांगल्या ड्रम लायब्ररीत प्रत्येक ड्रम हळुवार स्पर्शापासून पूर्ण ताकदीच्या ठोक्यापर्यंत अनेक पायऱ्यांवर रेकॉर्ड केलेला असतो, आणि प्रत्येक पायरीवर पुनःपुन्हा. आकड्याबरोबर आवाजाची जात बदलते. ४० वरची स्नेअर मऊ आणि तारांच्या सळसळीची असते. १२० वर तीच टणक होते, कड्यावर काठी लागल्याचा चटका येतो. म्हणून शांत कडव्यात जोराचा ठोका घेऊन त्याचा व्हॉल्यूम कमी केला तर काम होत नाही. दूरवर कुणीतरी चिडून वाजवतंय असं ते ऐकू येतं. हळू ठोका हळूच मारावा लागतो. भावगीताच्या पहिल्या कडव्यात तर मी स्नेअरचा पूर्ण ठोका घेतच नाही. काठी आडवी ठेवून कड्यावर हलकेच टेकवतात, त्या क्रॉस-स्टिकवर कडवं चालवतो आणि ध्रुवपदाला स्नेअर उघडतो. गायिकेचा आवाज वर जातो तेव्हा ड्रमरचा हातही वर गेलेला असतो, आणि तिथे गाणं उमलतं.

एकाच पायरीवर अनेकदा केलेल्या रेकॉर्डिंगचंही कारण आहे. तोच नमुना सलग वाजला तर मशीनगन चालल्यासारखं वाटतं, कारण कुठल्याही माणसाचे लागोपाठचे दोन ठोके सारखे पडत नाहीत. काठी ड्रमवर एक बोटभर इकडेतिकडे पडते, कोन बदलतो. सॉफ्टवेअर दर वेळी वेगळा नमुना उचलतं तेव्हाच सोळा ठोक्यांची ओळ जिवंत राहते.

सगळ्यांत जास्त वेळ मी हाय-हॅटला देतो. किक आणि स्नेअर गाण्याचा सांगाडा उभा करतात, पण लय चालवतो हाय-हॅट. एक आवर्तन रंगवून ते गाणंभर चिकटवत जायची सोय सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. मी ती किकसाठी वापरतो, हाय-हॅटसाठी कधीच नाही. हाय-हॅट पूर्ण गाणंभर ऑक्टोपॅडवर हातानं वाजवतो, गायिकेचा आवाज कानात ठेवून. मात्रेवरचा ठोका काठीच्या अंगानं, मधला ठोका टोकानं. एक भारी, एक हलका. पेडल किती दाबलंय याचा निरोप मिडीतल्या चौथ्या कंट्रोलरवरून जातो. ध्रुवपद येता येता पाय किंचित सैल होतो आणि झांजांमधून हवा सुटू लागते. ओळ संपताना गायिका श्वास घेते तिथे एखादा हॅट उघडा सोडून लगेच मिटतो. हातानं वाजवल्यावर या गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत, त्या होतात. मागून मी फक्त दोन-चार ठोके सरळ करतो.

मग येतात ते दबके ठोके, स्नेअरवर मुख्य ठोक्यांच्या मध्ये डाव्या हातानं नुसते टेकवलेले. टोटो या बँडच्या १९८२च्या ‘रोझाना’मध्ये जेफ पोर्कारोचा जो डोलणारा ठेका आहे, त्याचा डोल या ठोक्यांमध्ये आहे. ते काढून टाकले तर तोच ठेका सपाट होईल. मी ते २० ते ४० च्या दरम्यान ठेवतो. मिक्समध्ये ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण बंद केले की गाणं बसकं वाटायला लागतं.

आता वेळ. १०० च्या टेम्पोला एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग १५० मिलिसेकंदांचा. स्क्रीनवरच्या जाळीत हे भाग आखून दिलेले असतात आणि ‘क्वांटाइझ’चं बटण दाबलं की सगळे ठोके जाऊन रेषेवर बसतात. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात तेच हवं असतं, तिथे ती यंत्राची शिस्त हाच आनंद आहे. संथ मराठी गाण्यात मला स्नेअर रेषेच्या दहा-पंधरा मिलिसेकंद मागे लागते. किक रेषेवर, स्नेअर जरा रेंगाळलेली, हाय-हॅट दोघांमधून वाट काढणारा. शब्दांना त्यामुळे जागा मिळते. गाणं चढं असेल तर उलट, हाय-हॅट अंगुळभर पुढे.

हे साधायला सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्युमनाइझ’ नावाचं बटणही असतं. ते ठोके आंधळेपणानं पुढेमागे ढकलतं. पण माणसाची लय अशी आंधळी हलत नाही. जर्मनीतल्या ग्योटिंगनच्या संशोधकांनी २०११ साली वादकांच्या ठोक्यांमधले हे बारीक फरक मोजून दाखवले, तेव्हा दिसलं की ते फरक एकमेकांना बांधलेले असतात. आत्ताच्या ठोक्याचा कल पुढे बराच काळ उमटत राहतो. ऐकणाऱ्यांनाही नुसत्या आंधळ्या फरकांपेक्षा असे बांधलेले फरक जास्त आवडले. मास्टर हे त्यांच्या भाषेत सांगायचे, “लय हलली तर हलू दे, पण सगळ्यांनी मिळून हलायला पाहिजे.” म्हणून मी ते बटण वापरत नाही. ध्रुवपदाला टेम्पोच एक-दीडनं वाढवतो आणि कडव्यावर परत आणतो. चांगला ड्रमरही नकळत तेच करतो, आणि त्याच्याबरोबर सगळी मैफल पुढे सरकते.

मराठी गाणं करताना ड्रम्स क्वचितच एकटे असतात. त्यांच्या शेजारी ढोलकी असते, तबला असतो, कधी संबळ किंवा हलगी. गेल्या पावसाळ्यात एका कवयित्रीच्या गाण्याचं काम होतं. केरव्याच्या अंगाचं गाणं, वेग मध्यम. तिला त्यात ढोलकी हवी होती आणि ध्रुवपदाला ड्रम्सही. ढोलकीला साताऱ्याकडचे एक वादक आले, तमाशाच्या फडावर हयात घालवलेले. इतक्या छोट्या खोलीत, हेडफोनमधल्या टिकटिकीबरोबर ते वाजवतील का, अशी तिला शंका होती. त्यांनी वादी ताणली, दोन थापा देऊन सूर पाहिला आणि म्हणाले, “दादा, तुमची टिकटिक चालू द्या. मी तिला सांभाळून घेतो.” त्यांनी खरोखरच सांभाळून घेतलं. सम टिकटिकीवर बरोबर येत होती, पण दोन समांमध्ये ढोलकी स्वतःच्या चालीनं चालत होती.

ही चाल आकड्यात पकडता येत नाही. ड्रम मशीनमध्ये रॉजर लिननंच स्विंगची सोय आणली. ठोक्यांच्या जोडीतला दुसरा ठोका किती उशिरा यावा हे त्यात टक्क्यांत सांगायचं. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ टक्के म्हणजे तिस्र जातीचा झोका. ढोलकीची ती चाल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होती, आणि ती सतत बदलत होती. मुखड्याला जास्त सरळ, लग्गी सुरू झाली की झुकलेली. म्हणून मी जाळी बंद केली. ढोलकीचं रेकॉर्डिंग स्क्रीनवर उघडलं आणि हाय-हॅटचे ठोके तिच्या लाटांशी जुळवत नेले. किक समेवर आणि मोजक्याच जागी ठेवली. ढोलकी चालते तिथे ड्रम्सनी बोलायचं नाही, ढोलकी श्वास घेते तिथे स्नेअरनं जागा भरायची. जिवंत वादक आणि यंत्र यांचं जमवायचं तर पुढे जिवंत वादकानंच चालायचं, हे तत्त्व मी कुठल्याही गाण्यात सोडत नाही. वादकाला कापून जाळीवर बसवलं तर आपण त्याला बोलावलं कशासाठी?

मिक्सिंगमध्येही त्या गाण्यात पहिला प्रश्न या दोघांचाच होता. किक आणि ढोलकीची खर्जाची बाजू एकाच मजल्यावर राहतात. मी किकला ६० हर्ट्झच्या आसपासची जागा दिली आणि १०० ते १५० मधून तिला थोडं कमी केलं, म्हणजे ढोलकीचा खर्ज तिथे मोकळा झाला. किकमधला ३०० ते ४०० हर्ट्झचा खोक्यासारखा आवाज काढला. तिच्या बीटरचा ठोका ३००० च्या पुढे थोडा वर घेतला, पण ढोलकीच्या टणत्काराला धक्का न लावता. स्नेअरचं अंग २०० च्या आसपास असतं, ते मी तसंच ठेवतो. गायिकेचा आवाज जिथे स्पष्ट होतो त्या २ ते ४ हजारांच्या पट्ट्यात मात्र स्नेअरनं फार बोलू नये याची काळजी घेतो. गाणं शब्दांचं आहे, बाकी सगळे त्यांच्या सेवेला.

आता दुसरा प्रश्न, खोलीचा. ड्रमच्या आवाजात निम्मा वाटा खोलीचा असतो हे मला माइकच्या अंतरांवरून समजत गेलं. आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. स्नेअरचा ठोका तिच्या जवळच्या माइकला लगेच पोचतो, वरच्या माइकना तीनेक मिलिसेकंदांनी आणि चार मीटरवरच्या माइकला बाराएक मिलिसेकंदांनी. कानाला हे वेगळे आवाज वाटत नाहीत, त्यांतून त्याला जागेचा आकार कळतो. ‘सुपीरियर ड्रमर ३’ हे २०१७चं सॉफ्टवेअर. त्याचे ड्रम्स जॉर्ज मॅसनबर्ग या नामवंत ध्वनिमुद्रकानं बेल्जियममधल्या गॅलक्सी स्टुडिओत रेकॉर्ड केले आणि त्या सगळ्या आवाजांनी २३० जीबीहून जास्त जागा घेतली. त्यातला मोठा भाग खोलीच्या माइकचा आहे. विकत घेताना माणूस ड्रम्स घेतोय असं समजतो, खरं तर तो ती खोली घेत असतो.

खोली किती मोठं काम करते याचा धडा म्हणून मी लेड झेपलिनचं १९७१चं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ ऐकवतो. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचा सेट मांडला होता आणि वर जिन्यावरून दोन माइक सोडले होते. जवळचा माइक एकही नाही. तरी तो आवाज इतका भव्य आहे की आजही लोक त्याच्या मागे लागतात. तो त्या माणसाच्या हातांचा आणि त्या जिन्याचा मिळून झालेला आवाज आहे.

आपल्या मुंबईनंही हे फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब अशा ठिकाणी हिंदी चित्रपटांचं संगीत पूर्ण वाद्यवृंद एकत्र बसवून रेकॉर्ड व्हायचं. कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केरसी व बर्जोर, लेस्ली गुदिन्हो, फ्रँको वाझ अशा पारशी आणि गोवेकर वादकांनी त्या गाण्यांना ताल दिला. एकाच वेळी सगळे वाजवत असल्यानं ड्रम्सचा थोडा आवाज व्हायोलिनच्या माइकमध्ये जायचा, व्हायोलिनचा ड्रम्सच्या. हे सांडलेले आवाज गाण्याला एकसंध करत. आजच्या ड्रम सॉफ्टवेअरमध्ये या सांडण्यासाठी वेगळी बटणं दिलेली असतात: स्नेअर वाजली की टॉमच्या माइकमध्ये ती किती झिरपावी, किक वाजली की स्नेअरच्या तारा किती थरथराव्यात. पुष्कळ जण स्वच्छतेसाठी ही सगळी बटणं बंद ठेवतात. मी ती थोडी उघडतो. त्यामुळे वेगवेगळे नमुने एका सेटचे होतात.

माझ्या मिक्सचा क्रम त्यामुळे उलटा असतो. आधी वरचे माइक, ज्यांत अख्खा सेट एकत्र ऐकू येतो. तेवढ्यावर ठेका चालला पाहिजे. मग त्याखाली जवळची किक, जवळची स्नेअर, टॉम. प्रत्येक जवळचा माइक जोडताना त्याच्या लाटेची दिशा उलटून पाहतो, कारण स्नेअरच्या वरचा आणि खालचा माइक एकमेकांविरुद्ध चालले तर ठोक्याचं अंगच नाहीसं होतं. मग खोलीचे माइक, शांत कडव्यात जवळजवळ बंद, ध्रुवपदाला वर. पूर्ण सेटवर हलका कॉम्प्रेसर लावतो, पण ठोक्याचा पहिला चटका सुटून जाऊ देतो; त्यासाठी अटॅक २०-३० मिलिसेकंदांचा. रिलीज मात्रेशी जुळवतो, म्हणजे पुढच्या किकच्या आधी कॉम्प्रेसरनं हात सोडलेला असतो. १०० च्या टेम्पोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरमध्ये १२०० मिलिसेकंद असतात. स्नेअरची रिव्हर्ब त्याच्या आत विरली की पुढचा ठोका मोकळ्या जागेत पडतो. शेवटच्या पातळीचा मोह मी धरत नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला आणून वाजवतं. लिमिटरनं ड्रम्स चिरडून गाणं मोठं केलं तरी ते तिथे खालीच आणलं जातं, आणि चिरडलेला ठोका मात्र चिरडलेलाच राहतो.

या सगळ्यात आणखी एक खोली मध्ये येते, ती मी ऐकत असतो ती. दहा फुटांची खोली म्हणजे तीन मीटर. त्या अंतरात ५७ हर्ट्झची लाट बरोबर अर्धी बसते, म्हणून समोरासमोरच्या भिंतींच्या मध्ये ती साचते. किकचं मूळ तिथेच. खोलीच्या मधोमध बसलं तर ती किक जवळजवळ नाहीशी होते, भिंतीला टेकलं तर दुप्पट वाटते. पडदे, गाद्या, गोधड्या यांनी वरचे स्वर मऊ होतात, इतक्या लांब लाटेला त्यांची अडचण वाटत नाही. मी कोपऱ्यांत जाड रॉकवूलचे पॅनल उभे केले, खुर्ची मध्यबिंदूवरून पुढे घेतली, आणि किकचा अंतिम निर्णय हेडफोनवर घेतो. त्यानंतर मोबाइलच्या स्पीकरवर. त्या चिमुकल्या स्पीकरमधून ६० हर्ट्झ येतच नाही. तिथे किक ऐकू यायला हवी तर तिच्यात थोडं सॅच्युरेशन हवं, म्हणजे तिचे वरचे स्वर जागे होतात आणि कान खालचा स्वर मनात पुरा करून घेतो. माझी गाणी ऐकणारे बहुतेक लोक लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, रिक्षात मोबाइलवर ऐकतात. त्यांना ठेका मिळालाच पाहिजे.

या कामात एक प्रश्न मला सोडत नाही. मी माउसनं ठोके मांडतो तेव्हा एखाद्या ड्रमरची संध्याकाळची बिदागी गेलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या गायक-कवींच्या खिशात मोठा स्टुडिओ, ड्रमर आणि ध्वनिमुद्रक यांच्यासाठी पैसे नसतात. व्हर्च्युअल ड्रम्स नसते तर त्यांची गाणी झालीच नसती, हे खरं आहे. पण ज्या नमुन्यांवर मी काम करतो तेही कुणा ड्रमरनंच बसून, एकाच स्नेअरवर पुन्हा पुन्हा ठोके मारून तयार केलेले असतात. यंत्रानं ड्रमरचं ज्ञान साठवलं आहे, निर्माण केलेलं नाही. ढोल-ताशा घेतला तर हे आणखी स्पष्ट होतं. पथकातले पन्नास ढोल एका क्षणी कधीच पडत नाहीत. त्यांच्यातल्या केसाएवढ्या अंतरामुळेच तो आवाज अंगावर येतो. एका ढोलाचा नमुना पन्नास वेळा वाजवून तो मिळत नाही, त्याला पन्नास माणसंच लागतात.

यावर मला एक मधला रस्ता सापडला आहे. आता बऱ्याच ड्रमरांच्या घरी इलेक्ट्रॉनिक सेट असतो. मी त्यांना गाणं पाठवतो, ते आपल्या घरी हेडफोन लावून वाजवतात आणि मला मिडी पाठवतात. काही केबींची फाइल, पण तिच्यात त्या माणसाचे हात, पाय, त्याचं थांबणं, त्याचा उत्साह सगळं असतं. ते मी माझ्या सॉफ्टवेअरमधल्या चांगल्या खोलीत वाजवतो. हात त्यांचे, खोली उसनी, मिक्स माझं. ड्रमरला मानधन मिळतं, नाव मिळतं, आणि गाण्याला माणूस मिळतो. कल्याण-डोंबिवलीपासून कोल्हापूरपर्यंतच्या वादकांबरोबर मी असं काम केलं आहे आणि दर वेळी त्यांनी मला न सुचलेली एखादी जागा दाखवली आहे.

हे काम शिकायला तरुण मुलं येतात तेव्हा मी त्यांना आधी कार्यक्रमाला पाठवतो. ड्रमरच्या मागे उभं राहा, गाण्याकडे लक्ष देऊ नका, फक्त त्याचे पाय आणि खांदे बघा. तो थकतो कधी, जोर कुठून आणतो, गायक चुकला तर त्याला कसा सावरतो ते बघा. हे पाहिलेल्या मुलाला ‘एमटी पॉवर ड्रम किट’सारख्या फुकट सॉफ्टवेअरवरही सुंदर ठेका बांधता येतो, आणि न पाहिलेल्याला २३० जीबीसुद्धा पुरत नाहीत. त्यांना मी आणखी एक सांगतो. गाण्याचं बजेट लिहाल तेव्हा ड्रमरसाठी एक ओळ ठेवा, रक्कम छोटी असली तरी चालेल. तेवढ्या रकमेत स्टुडिओत ड्रमर येत असेल तर त्याला बोलवा. तो येऊ शकत नसेल तर त्याच्याकडून मिडी मागवा. तेही जमत नसेल तरच माउस हातात घ्या, आणि घेतलात तर जो ठोका मांडाल तो आधी मांडीवर वाजवून बघा.